तुरटी वाळेपर्यंत

तोंडाला तुरटी लावल्यावर मामा कुणाशी बोलायचे नाहीत. सोलापूरच्या आमच्या घरापुढच्या ओट्यावर, सकाळच्या उन्हाकडं तोंड करून, डोळे मिटून ते बसून राहायचे. गाल वाळायला दोन-तीन मिनिटं लागत असतील. त्या दोन-तीन मिनिटांत कुणीही येवो, काहीही म्हणो, मामा फक्त हाताचा पंजा वर करायचे. थांब म्हणून. आणि समोरचा थांबायचा.

समोरचा बहुतेक वेळा भांडायलाच आलेला असायचा. मामा म्हणजे माझे सासरे, पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून एकेका गल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. आलं तरी सगळ्यांना सारखं येत नाही. लोक धरणाला जाब विचारायला कुठं जाणार? ते चावीवाल्याच्या दारात यायचे.

एकदा मागच्या गल्लीतल्या एक बाई रिकामी घागर घेऊनच आल्या. "ओ चावीवाले, आमच्या नळाला काय पाप लागलंय का? पलीकडचे मोटारी लावून टाक्या भरत्यात, आन् आमी काय तोंडाकडं बघत बसावं व्हय?" मामांनी पंजा वर केला. बाई बोलत राहिल्या, मग जरा कमी झाल्या, मग घागर खाली ठेवून पायरीवर टेकल्या. मामांनी गाल धुतले, टॉवेलनं टिपले आणि म्हणाले, "हां, बोला आता आक्का. कुठनं सुरू करायचं?" बाईंना हसू आलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, निम्मं इसरले मी." दुसऱ्या दिवशी मामा त्यांच्या दारात जाऊन नळ बघून आले. नळाच्या तोटीतच कचरा अडकला होता.

मामा रोज दाढी करायचे. सुट्टीला, सणाला, अंगात ताप असला तरी. ते म्हणायचे, "आपलं काम शिव्या खायचं. खरबडीत तोंड दिसलं की शिवी देनाऱ्याला जोर चढतो. तुळतुळीत गालावर शिवी टिकत न्हाय."

दाढी झाली की गार पाण्यानं तोंड धुवायचं आणि मग तुरटी. वाण्याकडचा खडा वेडावाकडा, धारदार कडांचा असतो. तो मामा धुण्याच्या दगडावर पाणी टाकून घासायचे, आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा, तळहातात बसेल असा गुळगुळीत होईपर्यंत. तोवर तोंडाला लावायचे नाहीत. ओला खडा गालावरून सावकाश फिरवायचा, दाबायचा नाही. वाळू द्यायचा. मग परत गार पाणी, आणि शेवटी तळहाताला खोबरेल तेलाचा एकच थेंब चोळून ते हात गालांवरून फिरवायचे, नाहीतर कातडी ताणते. खडा पुसून कोनाड्यात बशीत उभा ठेवायचे. "ओली तुरटी डबीत कोंडली की रडती," म्हणायचे.

गालाला कुठं खरचटलेलं असलं की तिथं तुरटी झोंबते. मामांना त्याचं फार कौतुक. "तुरटी खोटं बोलत न्हाय. जिथं हात चुकला, तिथंच बोलती." एखाद्या दिवशी कुठंच झोंबलं नाही, तर दिवसभर खूश असायचे.

हे सगळं मी बघितलं ते दाराआडून. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि शाळाही चौथीपर्यंतच. मी मुळातच कमी बोलणारी. त्यात सासरची रीत अशी, की सुनेनं सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, बोलायचं तर नाहीच. सासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही. मामा भिंतीला सांगायचे. "चहा झाला असंल तर कुनीतरी आना." घरात त्या वेळी ते आणि मी एवढेच असायचो.

लग्नाला दोन महिने झाले असतील. त्या खेपेला नळाला गढूळ पाणी आलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळात गेल्या होत्या. माहेरी आम्ही गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचो, म्हणजे गाळ खाली बसतो. इथं कोनाड्यात छान गुळगुळीत खडा दिसला. मी तो पिण्याच्या ड्रमात चांगला वीस-पंचवीस वेळा फिरवला आणि परत बशीत ठेवला. माझं मलाच बरं वाटलं.

सकाळी मामांनी खडा उचलला आणि बघतच राहिले. निम्मा झिजला होता. आत्यांच्या लगेच लक्षात आलं. "आगं, ती मामांच्या तोंडाची तुरटी! सगळ्या दाढीवरनं फिरलेली! आता चार दिवस हेच प्यायचं व्हय?" दुसरं पाणी घरात नव्हतं. मी दाराआड उभी, पायाखालची फरशी फाटावी असं झालं होतं. मामा उठले, ड्रममध्ये वाकून बघितलं, तांब्या बुडवला आणि घटाघटा पिऊन टाकला. मग भिंतीला म्हणाले, "माझंच तोंड, माझ्याच पोटात चाललंय. पानी मातुर काय नितळ झालंय." संध्याकाळी त्यांनी दोन खडे आणले. एक ड्रमच्या कडीला दोरीनं बांधला.

अशी बावीस वर्षं गेली. मामा निवृत्त झाले, तरी लोक तक्रारी घेऊन त्यांच्याकडंच यायचे. नवा चावीवाला ऐकून घेत नाही म्हणायचे.

मग एका सकाळी मामांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. दवाखान्यातून दहा दिवसांनी घरी आणले तेव्हा उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत, आणि तोंड एका बाजूला गेलेलं. बोलणं जड झालं होतं पण कळायचं. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि त्यांना ते समजायचं नाही. त्या बाजूचा गालच बधिर झाला होता.

दाढी वाढायला लागली. माझे मालक टॉवेलच्या कारखान्यात जातात, सातला घर सोडतात. एका रविवारी त्यांनी बापाची दाढी करायला घेतली. गडबडीचा माणूस. दोन ठिकाणी कापलं. मामांनी डाव्या हातानं त्यांचा हात बाजूला केला. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावलं. माणूस चांगला होता, पण तो खुर्ची ओढून बसला आणि मामांनी तोंडावर चादर ओढून घेतली. तो गेल्यावर म्हणाले, "बाहेरच्यानं माझी लाळ पुसायची न्हाय."

त्यानंतर त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. बाज भिंतीकडं वळवून घेतली. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. पांढरी दाढी वाढून तोंड ओळखू येईनासं झालं. तीन आठवडे असेच गेले.

आणि तेव्हाच माझ्या मुलीला, वैशालीला, मोहोळचं स्थळ आलं. शेतीच्या अवजारांचं दुकान, मुलगा शिकलेला. ती मंडळी रविवारी बघायला येणार होती. मामांनी मालकांना जवळ बोलावून सांगितलं, "मी आजारी हाय म्हनून सांगा. मी आतच ऱ्हातो. दार लावून घ्या."

वैशाली मामांच्या बोटाला धरून वाढलेली. ती म्हणाली, "आजोबा बाहेर बसणार नसतील तर मीपण येणार नाही. पाहुण्यांना म्हणावं, भिंत बघा आणि जावा." बापानं समजावलं, आजीनं समजावलं. ती हटली नाही. इकडं मामाही हटले नाहीत. स्थळ हातचं जाणार असं दिसायला लागलं.

शुक्रवारी दुपारी मालक कामावर, वैशाली कॉलेजात. आत्या डाळ निवडत बसल्या होत्या, म्हणजे बोटांनी चाचपत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि साखरेमुळं ऑपरेशन लांबलेलं. अचानक म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला दिसत असतं तर मीच केली असती त्यांची दाढी. तुला दिसतंय. काय करतीस त्या डोळ्यांचं?"

मी म्हणाले, "आत्या, मामांच्या तोंडाला मी हात लावू?"

"मग काय पायाला हात लावून दाढी व्हती व्हय?"

मी स्वयंपाकघरात गेले. घरात दुधी भोपळा होता. त्याला साबणाचा फेस लावला आणि मामांच्या रेझरनं तो फेस काढून बघायला लागले. दाबलं की भोपळ्याची साल निघायची. हलकं धरलं की फेस राहायचा. तीनदा केलं. चौथ्यांदा फेस लावत होते, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"भोपळ्याला बोलता येत न्हाय. चुकलं तर त्यो सांगनार कसा? हिकडं ये, पोरी."

मामांनी भिंतीकडचं तोंड कधी इकडं वळवलं, आणि बाजेवरून स्वयंपाकघर दिसतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि मामा भिंतीला म्हणाले नव्हते, मला म्हणाले होते.

मी त्यांना उशीला टेकवून बसवलं. ब्रश फिरवला. वाकले की डोक्यावरचा पदर पुढं येऊन फेसात पडायचा. दोनदा पडला. मामा म्हणाले, "पदर खोच कमरंला. आंधळी कोशिंबीर खेळायची न्हाय." आत्या म्हणाल्या, "खोच की. मला तर दिसतच न्हाय, मी कुनाला सांगनार?"

मी पदर खोचला. डाव्या बाजूनं सुरुवात केली. मामा एकेक शब्द सांगत होते. "वरनं खाली... कातडी तान... आता पान्यात धू." हनुवटीपाशी आले तेव्हा उजव्या ओठातून लाळ आली. मी ती टॉवेलनं टिपली आणि लगेच पुढचा हात घेतला. ते खिडकीकडं बघत होते, मीही त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं नाही.

मग गार पाणी आणि तुरटी. डाव्या गालावर खडा फिरवला. "कानाखाली झोंबलं. तुझा हात आडवा पडला." मी खाली घेतला. "हितं न्हाय झोंबत. हितं चांगली केलीस." उजव्या गालावर गेले तर मामा गप्प. मला वाटलं, ही बाजू चांगली जमली.

"तिकडनं मला काय कळत न्हाय," मामा म्हणाले. "तिकडं तुरटी बोलली तरी ऐकू येनार न्हाय. तू डोळ्यांनी बघ."

बघितलं तर जबड्याच्या कडेला बारीक लाल रेघ, आणि तिच्यातून रक्ताचा थेंब मानेवर निघालेला. त्यांना पत्ता नव्हता. मी खडा तिथं धरून ठेवला. रक्त थांबलं.

"आता तुरटी वाळेपर्यंत शंभर मोज," मामा म्हणाले. "मोठ्यानं. मला घड्याळ दिसत न्हाय हितनं."

मला मोजायचं म्हटलं की अजूनही कानडीच येतं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... दहापर्यंत गेले आणि मग लागली चाल. मामा डोळे मिटून ऐकत होते. शंभर झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "बावीस वर्सं घरात कानडी कंडक्टर हाय, आन् मला ठावं न्हाय."

आत्या डाळीच्या ताटावर हसत सुटल्या. मीही तोंडाला हात न लावता हसले.

तेल लावल्यावर मामांनी आरसा मागितला. बराच वेळ बघितलं. वाकडं तोंड तसंच होतं, पण ते मामांचं तोंड होतं. आरसा परत देऊन म्हणाले, "परवा दार लावू नका."

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक चुलते आणि आजी. मामा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. मालकांनी सकाळी सगळ्यांना बजावलं होतं, "दाढी कुनी केली असा विषय निघाला तर न्हावी म्हनायचं. लोक कशे असत्यात सांगता येत न्हाय." मला ते पटलं होतं. सुनेनं सासऱ्याची दाढी केली हे ऐकून लोक काय म्हणतील, याच धाकात मी दोन दिवस होते. वैशालीचं लग्न माझ्या हातामुळं मोडायला नको.

विषय निघायचं काही कारण नव्हतं. पण मुलाची आजी मामांकडं बघून म्हणाली, "आमचे म्हातारे बी अशेच पडून हायत वर्सभर. कुनाला दाढी करू देत न्हाईत. तुमचा न्हावी कुटला हो?"

मालक पटकन म्हणाले, "कोपऱ्यावरचा हाय."

मामांनी डाव्या हाताचा पंजा वर केला. खोलीतलं बोलणं थांबलं. "न्हावी न्हाय. सुनंनं केली."

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चुलते खाली बघायला लागले. मुलाच्या आईनं स्वतःचा पदर सारखा केला. मालक माझ्याकडं बघेनात.

आजी उठली, मामांपाशी आली आणि वाकून त्यांचं तोंड जवळून बघितलं. "सुनंनं?"

"सुनंनं."

"हितं कापलंय की."

"पयलीच खेप व्हती."

आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग नातीला बी येत असंल. आमच्या म्हाताऱ्याची सोय झाली म्हनायची."

मामा म्हणाले, "आमी पोरगी देतोय, न्हावी देत न्हाय. तुमच्या घरात बापई मानसं हायत, त्यास्नी शिकवा. लई काय लागत न्हाय. एक भोपळा लागतो."

पाहुण्यांना भोपळ्याचं काय कळणार? ते मालकांकडं बघायला लागले. मालकांना तरी कुठं माहीत होतं? मग आत्यांनी सगळं सांगितलं, साल निघाल्यासकट. पहिल्यांदा मुलाचे वडील हसले, मग चुलते. मी ट्रे खाली ठेवला, पण माझे कान तापले होते. हसणं थांबल्यावर मुलगा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला, "मी शिकतो. आजोबांची मी करीन."

आजी म्हणाली, "घ्या. पोरगं बोललं. आता पोरीला बोलवा."

वैशाली पोहे घेऊन बाहेर आली ती हसतच. नंतर कधीही विचारलं की ती सांगते, मी मुलगा तेव्हाच पसंत केला होता, दाराआडून.

लग्न झालं. मामा ओट्यावर परत बसायला लागले. रोज सकाळी मालक गेले की आमचं चालायचं. मी दाढी करायची, तुरटी फिरवायची, शंभर मोजायचे. त्या शंभराच्या आधी आणि नंतर आम्ही बोलायचो. मामांनी मला शहरातले सगळे खड्डे सांगितले, कुठली चावी जड फिरते, कुठल्या गल्लीला चढ आहे म्हणून पाणी कमी चढतं. मी त्यांना माहेरचं सांगितलं. बावीस वर्षांचं बोलणं साठलं होतं दोघांकडं.

एका थंडीच्या सकाळी मी उजव्या गालावर खडा फिरवत होते. मामांनी मान मागं घेतली.

"काय झालं मामा?"

"झोंबलं."

मी खडा परत त्याच जागी टेकवला. "हितं?"

"हितंच. चांगलं झोंबतंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुरटीचं नव्हतं. तोंड वाळत असताना ते कधी बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी आत्यांना हाक मारली, दूधवाल्याला सांगितलं, मोहोळला वैशालीला फोन लावायला लावला. "पोरी, झोंबलं गं." तिला वाटलं काहीतरी वाईट झालं, ती रडायला लागली. आत्या म्हणाल्या, "लोक आराम पडला की पेढे वाटत्यात. आमचे हे जळजळ झाली म्हनून वाटतील."

मामा दिवसभर तो गाल चाचपत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "चुकलं की लगीच कळावं मानसाला. उशिरा कळून काय उपेग?" आणि त्या दिवसापासून माझ्या चुका दोन्ही गालांवर सापडायला लागल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी मामा जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. सकाळची दाढी झाली होती. त्या दिवशी खडा सगळ्या तोंडावरून फिरला तरी कुठंच झोंबलं नव्हतं, आणि त्यांनी मला तसं सांगितलंही होतं.

नातेवाईक जमले. खाली निजवल्यावर वाकडं तोंड उजवीकडं जास्तच कललेलं दिसत होतं, म्हणून कुणीतरी तोंडावर कापड टाकलं. "बरं दिसत न्हाय," म्हणाले. आत्या भिंतीला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ने मला तितं." मी नेलं. त्या खाली बसल्या, कापडाखाली हात घातला आणि मामांच्या दोन्ही गालांवरून, हनुवटीवरून, कानाखालून तळहात फिरवला. सावकाश, काही राहिलंय का ते बघितल्यासारखा.

"काढा ते कापड," त्या म्हणाल्या. "बघू दे लोकांना."

कुणी हललं नाही. मग मीच कापड काढलं आणि घडी करून बाजूला ठेवलं. बाहेर ओट्यावर, पायऱ्यांवर, रस्त्यावर गल्लीतली माणसं उभी होती. ती एकेक करून आत आली आणि मामांचं तोंड बघून गेली.